दोह्याचं पाणी, डोक्यावरचे केस आणि आरशापुढची मिनिटं

दोह्यात राहणाऱ्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, "इथे आल्यावर केस का गळतात हो?" उत्तर एकच येईल: "पाणी." समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढण्याच्या तंत्रावर संशोधन करणं हे माझं काम. त्यामुळे हा प्रश्न माझ्या वाट्याला जरा जास्तच येतो. गणपतीची आरती झाली, प्रसाद हातात आला, की कुणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, "खरं सांग, त्या पाण्यात तुम्ही लोक नक्की काय घालता?"

म्हणून आधी पाण्याचं उरकून घेऊ. कतारमध्ये नदी नाही, पाऊस वर्षातून मोजके दिवस. घरोघरी नळाला येणारं पाणी जवळपास सगळं समुद्राचं असतं. आखाताचं पाणी उकळून त्याची वाफ थंड करतात, नाहीतर प्रचंड दाबाखाली ते बारीक पडद्यातून गाळतात. असं मिळालेलं पाणी इतकं निर्मळ असतं की ते पाइपलाइनलाही मानवत नाही. म्हणून त्यात थोडं कॅल्शियम परत मिसळतात आणि जंतू मारण्यापुरतं क्लोरीन घालतात. म्हणजे 'जड पाणी' म्हणून आपण ज्याला शिव्या घालतो, ते मराठवाड्यातल्या अनेक बोअरवेलच्या पाण्यापेक्षा हलकंच असतं. गच्चीवरच्या टाकीत तापलेलं पाणी आणि दिवसभराचा एसी यांनी केस कोरडे होतील, मधेच तुटतीलही. पण केस मुळापासून जायला पाणी जबाबदार आहे, असं म्हणण्याजोगा भक्कम पुरावा नाही.

मग केस जातात ते कशाने? दोन साधी कारणं. पहिलं वय. आपल्यातले बरेच पुरुष पंचविशी ते पस्तिशीत इथे येतात आणि आनुवंशिक टक्कल दिसू लागायचं वयही साधारण तेच. तोच माणूस नाशकात राहिला असता तरी कपाळ तेवढंच वाढलं असतं. दुसरं कारण शरीरावरचा किंवा मनावरचा ताण. मोठा ताप, बाळंतपण, झपाट्याने उतरवलेलं वजन, एखादा धक्का यांनंतर बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. नवा देश, नवी नोकरी, खाण्यापिण्याची आबाळ. मग तिसऱ्या महिन्यात बाथरूमची जाळी भरते आणि आपण समोर दिसणाऱ्या पाण्यावर आळ घेतो.

खरं तर लेख इथेच संपायला हवा. पण एक कबुली द्यायची आहे. हे सगळं माहीत असूनही इथल्या पहिल्या वर्षी मी सलग अकरा दिवस अंघोळीनंतर जाळीतले केस मोजले आहेत. एक्सेलमध्ये तारीखवार नोंदले आहेत. दिवसाला ५० ते १०० केस गळणं सामान्य मानतात. माझा आकडा कधी ६०, कधी ८०. आकडा बघून बरं वाटायचं, पण दुपारपर्यंतच. दुपारी ऑफिसच्या बाथरूममधल्या पांढऱ्या दिव्याखाली मान वाकवून मी पुन्हा बघायचो आणि सकाळचा आकडा खोटा वाटायला लागायचा. बाराव्या दिवशी त्या आकड्यांचा आलेख काढायला बसलो आणि माझं मलाच हसू आलं. खूळ सुटलं.

त्या काळात माझ्यासोबत राहणाऱ्या मित्राचं मात्र सुटलं नाही. त्याच्याबद्दल त्याच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील गाळून लिहितो आहे.

त्याचे केस कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांत किंचित मागे गेले होते. मुद्दाम दाखवल्याशिवाय तुमच्या लक्षात आलं नसतं. पण त्याची सकाळ आरशापुढे तास-दीड तास जायची. मोबाइलमध्ये स्वतःच्या डोक्याचे शेकडो फोटो, रोज त्याच कोनातून काढलेले. ऑफिसात दिव्याखालची जागा त्याने बदलून घेतली. बाहेर जेवायला येणं बंद झालं. फोटो निघतील म्हणून सख्ख्या भावाच्या लग्नाला "सुट्टी मिळत नाही" असं सांगून तो गेला नाही. रोज रात्री तो मला विचारायचा, "आज जास्त दिसतंय का रे?" मी रोज सांगायचो, "छे, काहीच दिसत नाही." दोन वर्षं सांगत राहिलो. मला वाटायचं, मी त्याला आधार देतोय.

तुमच्याही घरात असं कुणी असेल, म्हणून हा लेख. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. पण त्या दोन वर्षांत जे वाचायला हवं होतं आणि वाचलं नाही, ते नंतर वाचलं. त्यातून माझं एक मत बनलं आहे. दिसण्याची चिंता करणाऱ्या माणसाशी आपण नेहमी त्याच्या दिसण्याबद्दल बोलतो: नाक बरं आहे की नाही, केस गेले की नाही. बोलायला हवं ते त्याचा दिवस कुठे जातो आहे याबद्दल.

मित्राला जे होतं त्याला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. मराठीत रुळलेलं नाव नाही, म्हणून बीडीडीच म्हणू. इतरांना दिसत नाही किंवा जेमतेम दिसतं अशा एखाद्या व्यंगाचा विचार मनातून न जाणं, त्यापायी पुन्हा पुन्हा आरसा बघणं, चाचपणं, झाकणं, इतरांना विचारणं, तुलना करणं, आणि या सगळ्यात कामधंदा, शिक्षण, नाती बिघडणं, हे त्याचं स्वरूप. एन्रिको मोर्सेली या इटालियन डॉक्टरने १८९१ मध्ये याचं वर्णन केलं होतं, म्हणजे सेल्फीच्या शंभरएक वर्षं आधी. आज अंदाज असा आहे की शंभरातल्या दोघांना हा त्रास असतो. हा फक्त बायकांचा आजार नाही, पुरुषांतही तो जवळपास तितकाच आढळतो. त्वचा, केस आणि नाक ही त्याची नेहमीची ठिकाणं. बहुतेकांत तो वयाच्या अठराव्या वर्षाआधीच सुरू झालेला असतो.

अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ च्या निदानपुस्तिकेत बीडीडीला ओसीडीच्या कुटुंबात बसवलं. हा बदल महत्त्वाचा आहे. ओसीडीत हात अस्वच्छ असतात म्हणून माणूस वीस वेळा हात धूत नाही. धुतल्यावर क्षणभर शांत वाटतं, त्या शांततेची मेंदूला सवय लागते, म्हणून तो पुन्हा धुतो. आरशाचंही तसंच आहे. बघितलं, क्षणभर सुटका, मग शंका, मग पुन्हा बघणं. माझं ते रात्रीचं "छे, काहीच दिसत नाही" हाही त्याच्यासाठी एक आरसाच होता. मी प्रत्येक वेळी त्याला अर्ध्या तासाची सुटका देत होतो आणि उद्या पुन्हा विचारायची सवय पक्की करत होतो.

आता तुम्ही म्हणाल, आरशात नसलेली गोष्ट माणसाला दिसते कशी? तीन प्रयोग सांगतो.

पहिला कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठातला. जेमी फ्यूस्नर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये बीडीडीच्या १२ रुग्णांना आणि १२ निरोगी लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून अनोळखी चेहऱ्यांचे फोटो दाखवले. काही फोटो साधे, काही असे पुसट केलेले की चेहऱ्याची ठेवण कळेल, पण बारकावे दिसणार नाहीत. निरोगी माणूस असे चेहरे अखंड, एका नजरेत वाचतो. रुग्णांच्या मेंदूची डावी बाजू मात्र जास्त कामाला लागली होती, जणू तो मेंदू तिथे नसलेले बारकावेही शोधत होता. नमुना लहान आहे, त्यामुळे यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण एक गोष्ट समजते. असा माणूस खोटं बोलत नसतो, नखरेही करत नसतो. चेहरा नाहीसा होऊन त्याला फक्त एक रंध्र, एक रेष, एक कोपरा उरलेला दिसतो.

दुसरा लंडनमधला. डेव्हिड व्हील आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये छापलेल्या या अभ्यासात रुग्णांना आणि निरोगी लोकांना आरशात बघायला सांगितलं, एकदा पंचवीस सेकंद आणि एकदा सुमारे दहा मिनिटं. रुग्णांना थोडा वेळ बघूनही त्रास झाला. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही की दहा मिनिटं बघितल्यावर निरोगी लोकांचीही अस्वस्थता वाढली. घरातला कुठलाही शब्द पन्नास वेळा उच्चारून बघा, तो परका वाटायला लागतो. चेहऱ्याचंही तसंच होत असावं. माझ्या अकरा दिवसांत माझ्या कपाळाचं नेमकं हेच झालं होतं.

तिसरा प्रयोग मला सगळ्यांत जास्त बोचतो. अमेरिकेतल्या रॉबर्ट क्लेक आणि अँजेलो स्ट्रेंटा यांनी तो १९८० मध्ये प्रसिद्ध केला. काही स्त्रियांच्या चेहऱ्यावर मेकअपने जखमेचा व्रण रंगवला आणि त्यांना आरशात दाखवला. मग "रंग सुकून तडकू नये म्हणून थोडं क्रीम लावतो" असं सांगून तो व्रण त्यांच्या नकळत पुसून टाकला. त्यांना एका अनोळखी व्यक्तीशी गप्पा मारायला पाठवलं. परत आल्यावर त्यांनी सांगितलं की समोरची व्यक्ती अवघडली होती, व्रणामुळे वेगळी वागत होती. चेहऱ्यावर व्रण नव्हताच! आपल्यात काही खोट आहे हे मनाने एकदा धरलं, की दुसऱ्याच्या साध्या नजरेतही त्याचा पुरावा सापडत जातो. ऑफिसातल्या कुणी सहज वर दिव्याकडे पाहिलं तरी माझ्या मित्राला ते डोक्याकडे बघणं वाटायचं.

यात मोबाइलचा कॅमेरा भर घालतो. अमेरिकेतल्या शल्यविशारदांनी २०१८ मध्ये एका गणिती मॉडेलने दाखवलं की चेहऱ्यापासून फूटभर अंतरावर धरलेल्या कॅमेऱ्यात नाक पाच फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. आपण परदेशात राहणारी माणसं रोज स्वतःचा चेहरा याच अंतरावरून बघतो, आईला व्हिडिओ कॉल लावून, पडद्याच्या कोपऱ्यातल्या त्या छोट्या चौकटीत.

आणि त्या कॉलवर आपलं पहिलं वाक्य काय असतं?

"किती काळवंडलास रे!" "गाल पार बसलेत." "सुटलीस हं जरा!" "डोक्यावर चंद्र उगवायला लागला!" आपल्याकडे माणूस भेटला की आधी त्याच्या देहाचा पंचनामा होतो, आणि तो प्रेमाने होतो हे मला मान्य आहे. बारीक दिसलास म्हणजे जेवायला मिळत नाही का, हीच त्यामागची चिंता. शिवाय एका वाक्याने कुणाला बीडीडी होत नाही. या आजारात आनुवंशिकतेचा वाटा आहे, स्वभावातल्या परिपूर्णतेच्या हट्टाचा आहे, लहानपणीच्या चिडवण्याचा आणि छळाचाही आहे. पण यांपैकी आई-वडिलांकडून आलेले गुणसूत्र आपल्याला बदलता येत नाहीत, आपलं बोलणं बदलता येतं. आणि ते थांबवायला खर्च शून्य आहे.

विशेषतः मुलांसमोर. दोह्यात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या वर्गात फिलिपिनो, इजिप्शियन, मलयाळी, सुदानी, सगळी मुलं असतात. 'बरा रंग' ही कल्पना ती शाळेतून आणतीलच असं नाही. पण ती त्यांना घरात मिळते, "उन्हात खेळू नकोस, काळी पडशील" या वाक्यातून. आपल्या लग्नाच्या जाहिराती अजून 'गोरी, सडपातळ' आणि 'निमगोरा' यांच्या पलीकडे फारशा गेलेल्या नाहीत. भारतात १९७५ मध्ये आलेल्या 'फेअर अँड लव्हली'च्या नावातला 'फेअर' हा शब्द २०२० मध्ये गेला. आपल्या घरातल्या बोलण्यातून तो गेलेला नाही.

याची किंमत काय असते? २०२३ च्या सुरुवातीला अकोल्याची एक बातमी आली होती. एकाच घरातल्या तीन स्त्रियांना मूत्रपिंडाचा विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी मागोवा घेतला तेव्हा तिघी एकच क्रीम वापरत असल्याचं समोर आलं, आणि त्या क्रीममध्ये पारा सापडला. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन ज्या विकराच्या मदतीने तयार होतं, त्याला पारा अडवतो. त्वचा उजळते आणि पारा मूत्रपिंडात साठत जातो. त्या स्त्रियांना कुठलाही मानसिक आजार होता असं मी म्हणत नाही. आहे तो चेहरा पुरेसा नाही, हे चारचौघांकडून ऐकतच आपल्या बहुतेक मुली मोठ्या होतात. आजारी नसलेल्या माणसांनाही ते एवढं महाग पडतं.

माझ्या मित्राला वेगळ्या प्रकारे महाग पडलं. केसांचं रोपण करायला तो सुट्टी घेऊन इस्तंबूलला गेला. दोह्यातून चार-पाच तासांचा प्रवास, आपल्यातले बरेच जण जातात. टक्कल खरंच असेल आणि माणूस बाकी मजेत असेल, तर त्याला माझी काहीच हरकत नाही. पण बीडीडी असताना अशा उपचारांनी समाधान क्वचितच मिळतं, बहुधा चिंता फक्त जागा बदलते. मित्राचे नवे केस छान उगवले. चार महिन्यांनी तो मला विचारू लागला, "ही रेघ जरा जास्तच सरळ वाटते का रे?" सौंदर्यशस्त्रक्रियेसाठी येणाऱ्यांत बीडीडीचं प्रमाण सर्वसाधारण लोकांपेक्षा कितीतरी पटीने जास्त, वेगवेगळ्या अभ्यासांत सरासरी १३ टक्क्यांच्या आसपास आढळलं आहे. म्हणून पैसे भरण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: या गोष्टीचा विचार करण्यात माझा रोज किती वेळ जातो? निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित प्रश्नावलीतही दिवसाला एक तास ही सीमा धरली आहे. एक तास किंवा त्याहून जास्त जात असेल आणि त्यापायी तुम्ही माणसं टाळू लागला असाल, तर सर्जनच्या आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटा.

उपचार आहेत, आणि ते चांगले आहेत. संज्ञानात्मक वर्तन उपचारपद्धती, म्हणजे सीबीटी, यात आरसा तपासणं, झाकणं, विचारणं टप्प्याटप्प्याने बंद करायला आणि टाळलेल्या प्रसंगांना सामोरं जायला शिकवतात. आरशात बघायचंच, पण नेहमीच्या अंतरावरून, संपूर्ण माणूस म्हणून, आणि 'भयंकर', 'घाणेरडं' असे शब्द न वापरता. नैराश्यावर दिल्या जाणाऱ्या एसएसआरआय गटातली औषधंही बऱ्याच जणांना लागू पडतात, मात्र परिणाम दिसायला कधी कधी तीन महिने लागतात. ब्रिटनच्या आरोग्यसेवेच्या मार्गदर्शिकेत २००५ पासून हे दोन्ही उपचार सुचवलेले आहेत. या आजारात आत्महत्येचे विचार बऱ्याच जणांना येतात, म्हणून "वेळ जाईल तसं सुटेल" म्हणत थांबू नका. कतारमध्ये १६००० या क्रमांकावर राष्ट्रीय मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे. भारतातल्या नातेवाइकांसाठी टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

आणि घरातल्या, खोलीतल्या माणसाने काय करायचं? "दिसत नाही" असंही नाही आणि "हो, जरा दिसतंय" असंही नाही. त्या प्रश्नाला उत्तरच द्यायचं नाही, पण माणसाला सोडायचं नाही. आधी शांत वेळी बसून ठरवायचं की आपण हा खेळ थांबवतोय, आणि का थांबवतोय. मग तो प्रश्न आला की म्हणायचं, "तुला आत्ता त्रास होतोय ते मला कळतंय. पण केसांवर मी काही बोलणार नाही, आपलं ठरलंय. चल, कॉर्निशवर चक्कर मारून येऊ." हे निष्ठुर वाटतं. पहिले काही दिवस चिडचिड वाढते. पण असंच करायला मित्राच्या डॉक्टरांनी मला सांगितलं, तेव्हा दोन वर्षं मी किती मनापासून चुकीचं वागत होतो ते कळलं.

मित्र आता पुण्यात आहे. वर्षभर उपचार घेतले. पूर्ण बरा झालाय का, असं विचाराल तर वाईट दिवशी तो अजून टोपी घालतो. पण सकाळी आरशापुढे पंधरा मिनिटं जातात, आणि गेल्या वर्षी चुलतबहिणीच्या लग्नाच्या फोटोत तो मागच्या रांगेत का होईना, आहे.

परवा आमचा व्हिडिओ कॉल झाला. माझं कपाळ आता खरंच मागे गेलंय, आणि कॅमेऱ्यात ते आणखीच मोठं दिसत असणार. त्याने एका शब्दाने विचारलं नाही. मीही नाही. तो म्हणाला, "काय जेवलास?" मी म्हणालो, "खिचडी." मग आम्ही पाऊण तास बोलत बसलो.

पुढच्या वेळी तुम्ही घरी कॉल लावाल तेव्हा पहिला प्रश्न हाच ठेवून बघा. आणि पाण्याबद्दल विचारायचं असेल तर मला जरूर लिहा, त्यावर मी कितीही वेळ बोलू शकतो.